फराळाचे डबे आणि जावास्क्रिप्ट: पानावरच्या भावंडांचे गट कसे करायचे

ओळखीच्या एका ताईंची पाककृतींची साइट आहे. तिथलं फराळाचं पान एकच लांबलचक: चकली, करंजी, अनारसे, शंकरपाळे, चिवडा, सगळं एकाखाली एक. ताईंची मागणी साधी होती. "प्रत्येक पदार्थ आपापल्या चौकटीत दिसू दे, आणि मोबाइलवर पाहिजे तोच उघडता येऊ दे." सीएसएसने भागेल असं वाटून मी पान उघडलं, तर चौकट काढायला पदार्थाभोवती काही नव्हतंच. चकलीचं शीर्षक, तिचा फोटो, साहित्याची यादी, कृतीचे परिच्छेद आणि लगेच करंजीचं शीर्षक, अशी सगळी एकाच पातळीवर रांगेत उभी. 'चकलीचं सगळं' असं ज्याला म्हणता येईल असा एकही एलिमेंट पानावर नव्हता. आणि जो एलिमेंट नाही, त्याला सीएसएस चौकट कशी देणार?

लिहिण्यासाठी एडिटर वापरून तयार केलेली बहुतेक पानं अशीच सपाट असतात. लिहिणारा शीर्षक टाकतो, एंटर मारतो, मजकूर लिहितो. गट वाचणाऱ्याला दिसतात, ब्राउझरला दिसत नाहीत. ते दाखवून द्यायचं काम जावास्क्रिप्टकडून कसं करून घ्यायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. तुम्हाला एचटीएमएलचे टॅग, क्लास आणि जावास्क्रिप्टमधला लूप एवढं येत असलं की पुरे.

आधी सुरू करण्यापूर्वीची एक गोष्ट. कोडमधली नावं मी इथे उच्चारानुसार लिहिणार आहे. टाइप करताना ती रोमन लिपीत, शब्द एकमेकांना जोडून लिहायची: पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. क्वेरीसिलेक्टरऑल, क्रिएटएलिमेंट, नेक्स्टसिबलिंग ही सगळी याच पद्धतीची. इनरएचटीएमएल थोडं वेगळं, त्यात एचटीएमएलची चारही अक्षरं मोठी. तुमच्या स्वतःच्या व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी जावास्क्रिप्टला चालतात. 'डबा' हे नाव मी खरोखर कोडमध्ये वापरतो, आणि शिकताना त्याचा फार उपयोग होतो, कारण भाषेचे शब्द कुठले आणि आपले कुठले ते एका नजरेत कळतं.

पान मजकूर नाही, झाड आहे

नवीन माणूस पहिला प्रयत्न जवळजवळ ठरलेला करतो. चकलीच्या शीर्षकाआधी डिव्हचा उघडणारा टॅग घालायचा आणि चकलीच्या शेवटच्या परिच्छेदानंतर बंद करणारा. दोन कंस टाकल्यासारखं. पीएचपीत किंवा साध्या टेम्प्लेटमध्ये हे चालतं, कारण तिथे आपण मजकूर जोडत असतो आणि तो शेवटी एकदम ब्राउझरकडे जातो.

जावास्क्रिप्ट चालतं तेव्हा मात्र तो मजकूर संपलेला असतो. ब्राउझरने तो वाचून त्याचं झाड केलेलं असतं, आणि झाडात उघडणारा टॅग किंवा बंद करणारा टॅग असं काही नसतं. असतात ते अख्खे एलिमेंट, त्यांची मुलं आणि त्यांची भावंडं. तुम्ही नुसता उघडणारा डिव्ह घातलात तर ब्राउझर तो तिथल्या तिथे बंद करतो, आणि शीर्षकाआधी एक रिकामा डिव्ह उभा राहतो. नुसता बंद करणारा दिलात तर तो टाकून देतो. परिच्छेदाच्या पी टॅगचं वागणं तर आणखी निराळं आहे: त्याचा बंद करणारा टॅग एकटा आला, तर ब्राउझर तिथे एक रिकामा परिच्छेद तयार करतो. पानात मध्येच विनाकारण मोकळी जागा दिसली, तर हे कारण आधी तपासा.

म्हणून कंसाचं चित्र डोक्यातून काढा आणि त्या जागी फराळाचा डबा आणा. चकली डब्यात जायची तर ती ताटातून उचलून डब्यात ठेवावी लागते. आणि ती ताटात आणि डब्यात एकाच वेळी नसते. एलिमेंटचंही तसंच आहे. एक एलिमेंट झाडात एकाच जागी राहू शकतो. अपेंड ही मेथड त्याची प्रत काढत नाही, त्याला जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी नेते. जुन्या जागेवरून आधी काढून टाकायची वेगळी गरज नाही.

पहिला डबा

एफ-बारा दाबून डेव्हलपर टूल्स उघडा आणि एलिमेंट्सच्या टॅबमध्ये पान कसं रचलंय ते बघा. ताईंच्या पानावर असं होतं:

आर्टिकल
    एचटू: चकली
    फिगर: फोटो
    यूएल: साहित्य
    पी: कृती
    पी: कृती पुढे
    एचटू: करंजी
    फिगर: फोटो
    आणि असंच पुढे

आता कन्सोलमध्ये फक्त चकलीचा डबा करून बघू. मराठीत वाचलं तर कोड असा आहे:

शीर्षक = पहिला एचटू
डबा = नवा सेक्शन
डब्याला 'पदार्थ' हा क्लास दे
डबा शीर्षकाच्या आधी ठेव
शीर्षक डब्यात घाल
जोपर्यंत डब्याच्या पुढे कुणी उभं आहे आणि ते एचटू नाही:
    त्याला डब्यात घाल

पहिल्या ओळीसाठी डॉक्युमेंटचं क्वेरीसिलेक्टर, दुसरीसाठी क्रिएटएलिमेंट, तिसरीसाठी क्लासलिस्टचं ॲड. चौथीसाठी शीर्षकावर बिफोर ही मेथड आणि कंसात डबा. 'डब्यात घाल' म्हणजे डब्यावर अपेंड. 'डब्याच्या पुढे जो उभा आहे तो' म्हणजे डब्याचा नेक्स्टसिबलिंग. लूप वाइलचा.

या सात ओळींतला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

आधी डबा पानावर ठेवायचा, मग भरायचा. उलटं केलं, म्हणजे शीर्षक आधी डब्यात घातलं आणि मग 'डबा शीर्षकाच्या आधी ठेव' म्हटलं, तर कन्सोलवर लाल अक्षरांत हायरार्की रिक्वेस्ट एरर येते. का येते ते बघा. शीर्षक आता डब्याच्या आत आहे. त्याच्या आधीची जागा म्हणजे डब्याच्या आतलीच जागा. तुम्ही ब्राउझरला सांगताय की डबा त्याच डब्यात ठेव. तो नकार देतो, आणि बरोबरच करतो.

दुसरी खोच लूपमध्ये आहे. मी 'डब्याच्या पुढे' असं म्हटलं, 'शीर्षकाच्या पुढे' नाही. बऱ्याच नमुन्यांत शीर्षकापासून सुरुवात करून एकेका भावंडावरून पुढे जातात: हा उचल, डब्यात टाक, आता याच्या पुढचा घे. पण उचललेला फोटो डब्यात जाऊन पडला की तो तिथला शेवटचा असतो. त्याच्या पुढे कुणीच नाही. लूप तिथेच थांबतो आणि डब्यात शीर्षक आणि फोटो एवढंच राहतं, कसलीही एरर न येता. ही चूक सापडायला वेळ लागतो, कारण कोड वाचताना बरोबरच वाटतो. उचलण्याआधी पुढच्याची नोंद करून ठेवली तरी चालतं, पण डब्यालाच खूण मानणं जास्त सोपं. डबा जागचा हलत नाही, आणि प्रत्येक वेळी त्याच्या शेजारचा आत गेला की पुढचा आपोआप शेजारी येतो.

भावंडांमध्ये न दिसणारी भावंडं

नेक्स्टसिबलिंग वापरलंत की लगेच एक प्रश्न येतो. एचटीएमएलमध्ये दोन टॅगच्या मध्ये जी नवी ओळ असते, मोकळ्या जागा असतात, त्यांचेही झाडात नोड (झाडातला कुठलाही घटक म्हणजे नोड) बनतात. त्यांना टेक्स्ट नोड म्हणतात. शीर्षकाच्या पुढचं पहिलं भावंड फोटो नसून बहुतेक वेळा ही मोकळी जागाच असते. तिला 'तू एचटू आहेस का' असं मॅचेस वापरून विचारलं तर कोड मोडतो, कारण मॅचेस ही मेथड फक्त एलिमेंटकडे असते. त्यामुळे आधी नोडटाइप १ आहे का ते बघायचं. १ म्हणजे एलिमेंट, ३ म्हणजे टेक्स्ट, ८ म्हणजे कॉमेंट. एलिमेंट असेल तरच मॅचेसचा प्रश्न विचारायचा, नाहीतर मुकाट्याने डब्यात घालायचं.

याहून सोपी वाट आहे नेक्स्टएलिमेंटसिबलिंगची. ती फक्त एलिमेंट बघते. पण तिच्यामुळे मधला सगळा टेक्स्ट बाहेर राहतो, आणि टेक्स्ट दर वेळी मोकळी जागाच असेल असं नाही. ताईंच्या अनारशाच्या कृतीत 'पीठ आंबवताना झाकण घट्ट लावू नका' हे वाक्य कुठल्याही टॅगशिवाय, थेट आर्टिकलमध्ये पडलं होतं. जुन्या एडिटरमधून कॉपी केलेल्या मजकुरात असं होतं. नेक्स्टएलिमेंटसिबलिंगने गट केला तेव्हा ते वाक्य अनारशाच्या डब्याबाहेर पडलं आणि डब्याच्या खाली, शंकरपाळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. वाचणाऱ्याला ती सूचना शंकरपाळ्यांची वाटली असती. म्हणून लिहिणाऱ्याचा मजकूर हाताळताना मी नेहमी नेक्स्टसिबलिंग वापरतो आणि एक अट जास्त लिहितो.

सगळे डबे

एका पदार्थाचं जमलं की बाकीच्यांसाठी क्वेरीसिलेक्टरऑलने सगळे एचटू गोळा करा आणि फॉरईच लावून प्रत्येकासाठी वरच्या ओळी चालवा. निवडताना नुसतं एचटू न म्हणता 'आर्टिकल > एचटू' असं म्हणा. मधलं चिन्ह 'थेट मूल' सांगतं. नाहीतर बाजूच्या पट्टीतल्या 'आमच्याबद्दल' या शीर्षकालाही पदार्थ समजून डबा मिळतो.

आता शेवटच्या डब्याकडे या. चकलीचा डबा करंजीच्या शीर्षकापाशी थांबतो, करंजीचा अनारशापाशी. चिवडा शेवटचा. त्याच्या पुढे थांबवणारं शीर्षकच नाही. त्यामुळे चिवड्याच्या डब्यात चिवडा तर गेलाच, शिवाय ताईंनी लेखाच्या शेवटी लिहिलेली टीप, शेअरची बटणं आणि वाचकांनी अभिप्राय लिहायचा फॉर्म, सगळं गेलं. मोबाइलवर चिवडा मिटला की फॉर्मही गायब. बाकी सगळे डबे बरोबर आणि शेवटचाच बिघडलेला असेल, तर हेच झालंय असं समजा.

उपाय सोपा आहे. थांबायची जागा एकच न ठेवता थांब्यांची यादी करा. मॅचेसला स्वल्पविरामाने वेगळे केलेले अनेक सिलेक्टर देता येतात: एचटू, फूटर, फॉर्म, आणि टीपेचा जो क्लास असेल तो. शीर्षकांच्या बाबतीत एचवनही यादीत घाला. एचथ्री घालू नका, कारण 'पाकातल्या करंज्या' हे पोटशीर्षक करंजीच्याच डब्यात राहायला हवं.

रांग चालू असताना माणसं उचलणं

क्वेरीसिलेक्टरऑल जी यादी देतं ती त्या क्षणाची असते, नंतर पान बदललं तरी ती बदलत नाही. आर्टिकलचं चिल्ड्रन ही यादी मात्र जिवंत असते. पानावरून एक मूल हललं की यादीतूनही त्याच क्षणी जातं. समजा या यादीवर लूप लावून एकेकाला डब्यात टाकत निघालात. पहिल्याला उचललं, दुसरा पहिल्याच्या जागी सरकला. तुम्ही आता दुसऱ्या जागेकडे बघताय, तिथे मूळचा तिसरा आहे. मूळचा दुसरा सुटला. शेवटी डब्यात एकाआड एक फोटो आणि उरलेले बाहेर. एकाआड एक हा नमुना दिसला की कारण दुसरं क्वचितच असतं. लूप लावण्याआधी अरेचं फ्रॉम वापरून (अरे म्हणजे जावास्क्रिप्टमधली साधी यादी; टाइप करताना अरेचं पहिलं अक्षर मोठं, मग टिंब आणि फ्रॉम) यादीची साधी प्रत काढून घ्या, मग ती रांग कुणी हलवत नाही.

ठरावीक संख्येचे गट करतानाही हेच लागतं. फोटो तीन-तीनच्या ओळीत हवेत, तर मुलांचा अरे करा, शून्यापासून तीन-तीनच्या उड्या मारा, दर उडीला स्लाइसने तीन फोटो कापून घ्या आणि नव्या डब्यात अपेंड करा. अपेंडला एकाच वेळी अनेक एलिमेंट देता येतात. दहा फोटो असले तर तीन, तीन, तीन आणि एक असे चार डबे होतात. शेवटचा अपुरा असला तरी स्लाइस तक्रार करत नाही.

पण फक्त ओळी दिसाव्यात एवढ्यासाठी हे करत असाल तर करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. सीएसएस ग्रिड २०१७ साली सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आली, आणि तीन रकाने तिच्यात एका ओळीत होतात. मोबाइलवर दोन रकाने हवे असतील तर ग्रिडला तेही सांगता येतं. तीन-तीनचे पक्के डबे मात्र छोट्या स्क्रीनवर अडचण करतात. अर्थाचा गट असेल तिथे डबा करावा. चकलीचा फोटो आणि चकलीची कृती हा अर्थाचा गट आहे. चौथा, पाचवा आणि सहावा फोटो हा नाही.

लागून आलेल्या एकाच जातीच्या भावंडांचा गट हा प्रकार मात्र खूप कामाचा आहे. कृतीच्या मध्ये ताई कधी एक फोटो टाकतात, कधी सलग चार. सलग आलेल्यांची पट्टी करायची. त्यासाठी 'चालू डबा' नावाचं व्हेरिएबल ठेवा, सुरुवातीला रिकामं. मुलं एकेक तपासा. फिगर आली आणि चालू डबा नसेल तर नवा करून तिच्या आधी ठेवा, मग ती आत घाला. डबा आधीच असेल तर नुसती आत घाला. फिगर नसलेलं काही आलं की चालू डबा पुन्हा रिकामा. मधला कोरा टेक्स्ट नोड मोजायचा नाही, पण त्यात अक्षरं असतील तर तिथे पट्टी तुटली पाहिजे. टेक्स्ट ट्रिम करून काही उरतं का ते बघितलं की कळतं.

अक्षरवार गट

पानाच्या तळाशी साहित्याची सूची होती: खसखस, खोबरं, गूळ, जायफळ. ती अक्षरवार लावायची होती. यासाठी ऑब्जेक्टचं ग्रुपबाय आहे (ऑब्जेक्टचंही पहिलं अक्षर मोठं). ते २०२४ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणात आलं. त्याला अरे द्या आणि प्रत्येकाचा गट कोणता ते सांगणारं फंक्शन द्या. फंक्शनमध्ये नावाच्या कडेच्या मोकळ्या जागा ट्रिम करा आणि शून्याव्या जागेवरचं अक्षर घ्या. देवनागरीत हे छान जमतं, कारण काना, मात्रा, वेलांटी ही व्यंजनानंतरची वेगळी चिन्हं म्हणून साठवलेली असतात. खोबरं आणि खसखस दोन्ही ख मध्येच येतात.

एक गोष्ट मात्र आपल्या मराठीची. 'ॲरारूट' लिहिताना काहीजण ॲ हे एकसंध अक्षर वापरतात, काहीजण आधी अ आणि मग वर चंद्र टाइप करतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच. संगणकाला एकाचं पहिलं अक्षर ॲ, दुसऱ्याचं अ. एकाच सूचीत दोन गट होतात, आणि नॉर्मलाइज वापरूनही ते एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना एक मानत नाही. फंक्शनमध्ये आपण स्वतः दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्यावं लागतं.

पानावर जेक्वेरी असेल तर

जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये आणलेली जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी आजही असंख्य साइटवर आहे, आणि वर्डप्रेसबरोबर ती येतेच. ती आधीपासून असेल तर चकलीचा डबा एका ओळीत होतो: शीर्षकावर नेक्स्टअनटिल लावून पुढच्या एचटूपर्यंतची भावंडं घ्या, ॲडबॅकने शीर्षक स्वतःच त्यात मिळवा, आणि रॅपऑलने सगळ्यांना सेक्शनमध्ये घाला. हे प्रत्येक शीर्षकासाठी ईचच्या आत करा. ईच विसरून थेट रॅपऑल लावलंत तर अख्खा फराळ एकाच डब्यात जातो. रॅप, रॅपऑल आणि रॅपइनर यांत नवीन शिकणारे गोंधळतात: रॅप प्रत्येकाला स्वतंत्र डबा देतं, रॅपऑल सगळ्यांना मिळून एक, आणि रॅपइनर प्रत्येकाच्या आतल्या मजकुराला. नेक्स्टअनटिल फक्त एलिमेंट बघतं, त्यामुळे अनारशाच्या त्या मोकळ्या वाक्याची अडचण इथेही येते. केवळ एवढ्या कामासाठी जेक्वेरी नव्याने लोड करू नका.

हलवताना काय टिकतं, काय तुटतं

अपेंड आणि बिफोर वापरून हलवलेल्या एलिमेंटवरचे इव्हेंट लिसनर, म्हणजे क्लिकसारखं काही झालं की चालणारी फंक्शन, टिकतात. बटण डब्यात गेलं तरी ते दाबल्यावर आधीसारखंच चालतं. काहीजण इनरएचटीएमएल वाचून, त्याच्या मागेपुढे मजकूर जोडून पुन्हा लिहितात. पानावर दिसायला तेच दिसतं, पण आतले सगळे एलिमेंट नवे असतात. लिसनर गेले, फॉर्ममध्ये वाचकाने टाइप केलेलं गेलं. माझ्या मते गट करण्याच्या कामात इनरएचटीएमएलला हातच लावू नये.

आयफ्रेम, म्हणजे पानात बाहेरचा व्हिडिओ किंवा दुसरं पान दाखवणारी चौकट, हलवली की पुन्हा लोड होते. वाचक चकलीचा व्हिडिओ बघत असताना तुम्ही डबा केलात तर व्हिडिओ पहिल्यापासून सुरू. यासाठी मूव्हबिफोर ही नवी मेथड क्रोमच्या १३३ व्या आवृत्तीत आली. ती स्थिती न मोडता हलवते, पण तिची अट अशी की डबा आधीच पानावर असला पाहिजे. आपण क्रम तसाच ठेवलाय. तरी ती वापरण्याआधी ब्राउझरकडे आहे का ते तपासा, नसेल तर अपेंडवर या. खरं म्हणजे गट करण्याचं काम वाचकाने काही सुरू करण्याआधीच उरकावं. स्क्रिप्टला डिफर लावा, म्हणजे झाड पूर्ण झाल्याबरोबर ती चालते.

कुठला डबा कुठे चालतो तेही बघा. यूएलच्या आत एलआय भावंडांभोवती डिव्ह घालणं नियमात बसत नाही. तिथे आतली वेगळी यादी करा. टेबलच्या ओळींसाठी डिव्ह नको, टीबॉडी घ्या. एका टेबलात कितीही टीबॉडी चालतात. डीएलच्या यादीत मात्र शब्द आणि अर्थाच्या जोडीभोवती डिव्ह घालायला एचटीएमएलची परवानगी आहे. रेडिओ बटणांचा गट असेल तर फिल्डसेट आणि त्यात लेजेंड, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही गट कळतो. मोबाइलवर मिटवायचं असेल तर सेक्शनच्या जागी डिटेल्स घ्या, त्यात पहिला समरी ठेवा आणि शीर्षक समरीत घाला. उघडमीट ब्राउझर स्वतः करतो, त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लागत नाही.

डबे झाल्यावर ताईंच्या पानावरचे सगळे परिच्छेद एकदम बारीक दिसायला लागले. जुन्या सीएसएसमध्ये अक्षराचा आकार 'आर्टिकल > पी' या नियमात दिला होता, आणि परिच्छेद आता आर्टिकलची थेट मुलं राहिले नव्हते. ते नातवंडं झाले होते. डबे करण्याआधी स्टाइलशीटमध्ये हे थेट मुलाचं चिन्ह, अधिकचं चिन्ह आणि एनथचाइल्ड कुठे कुठे आहे ते शोधून ठेवा.

आणि स्क्रिप्ट दोनदा चालली तर डब्यात डबा होतो का? 'आर्टिकल > एचटू' असं लिहिलं असेल तर होत नाही, कारण पहिल्या फेरीनंतर एकही एचटू आर्टिकलचा थेट मूल उरत नाही. नुसतं एचटू लिहिलं असेल तर होतो.

शेवटी तपासणी. डबे करण्याआधी आर्टिकलचं टेक्स्टकंटेंट एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. डबे झाल्यावर पुन्हा घ्या आणि दोन्ही सारखी आहेत का ते तीन बरोबरच्या चिन्हांनी विचारा. नेक्स्टसिबलिंगच्या पद्धतीने केलं असेल तर उत्तर ट्रू आलंच पाहिजे, कारण आपण एकही अक्षर बदललेलं नाही आणि कुणाची जागाही मागेपुढे केलेली नाही. बटणं वगैरे नवा मजकूर घालायचा असेल तर तो या तपासणीनंतर घाला. फॉल्स आलं तर सुटलेलं वाक्य कुठे गेलं ते शोधा, आणि शोध डब्यांच्या बाहेरून सुरू करा: आर्टिकलचे चाइल्डनोड्स एकेक बघत जा, आणि डबा नसलेल्या ज्या नोडमध्ये अक्षरं सापडतील तिथे थांबा.